पशुवैद्यकाची सरकारी नोंदणी : पुण्यात ती कितपत उपयोगी पडते?

कुत्र्याला किंवा मांजराला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं की पुणेकर आधी गूगलवरचे तारे बघतो, मग पार्किंगची सोय, मग फी. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारणारा विरळाच. हा क्रमांक देणारी, दर काही वर्षांनी तो ताजा करून घेणारी आणि वेळ आली तर काढून घेणारी एक सरकारी व्यवस्था आहे. तीही शेवटी एक सेवाच, तेव्हा तिचं परीक्षण व्हायला हरकत नाही. निकाल आधीच सांगून टाकतो: समोरचा माणूस खरा पशुवैद्यक आहे की नाही हे ठरवायला व्यवस्था चांगली आहे. दवाखाना चांगला की वाईट, हे तिच्यावरून कळत नाही. आणि गेलेले पैसे परत मिळवून देणं हे तिचं कामच नाही. लोकांचा अपेक्षाभंग होतो तो बहुतेक वेळा या तीन गोष्टी एकत्र केल्यामुळे.

मुळात दार कुठलं, इथूनच घोळ सुरू होतो. औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, रोग अन्वेषण विभाग आहे, लसी तयार करणारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे. त्यामुळे डॉक्टरांचं लायसन्सही तिथूनच निघत असणार, असा बहुतेकांचा समज. तसं नाही. आयुक्तालय सरकारी दवाखाने, लसीकरण मोहिमा, साथरोग आणि योजना बघतं. खाजगी डॉक्टरची नोंदणी त्याच्याकडे नाही. ती होते भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ खाली. दिल्लीत भारतीय पशुवैद्यक परिषद, आणि राज्यासाठी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद, जिचं कार्यालय नागपूरला. म्हणजे जनावरांच्या आरोग्याची जवळजवळ सगळी सरकारी यंत्रणा पुण्यात, आणि नोंदवही मात्र विदर्भात. औंधच्या खिडकीवर खाजगी डॉक्टरची तक्रार घेऊन गेलात तर फार तर पोच मिळेल, निवाडा नाही.

नोंदणीमुळे नेमकं काय मिळतं? कायद्याचं कलम ३० वाचलं की चित्र स्पष्ट होतं. नोंदवहीत नाव असलेल्यालाच पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येतो, सरकारी किंवा संस्थेच्या दवाखान्यात पशुवैद्यकाचं पद सांभाळता येतं, कायद्याने लागणाऱ्या आरोग्य प्रमाणपत्रावर सही करता येते आणि न्यायालयात पशुवैद्यकातला तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येते. शेवटचे दोन हक्क लोक विसरतात आणि तेच पुढे नडतात, त्यावर खाली येतोच. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते, म्हणजे आपल्याकडे बी.व्ही.एस्सी. ॲण्ड ए.एच. हा सध्या साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुण्याला सगळ्यात जवळचं सरकारी महाविद्यालय साताऱ्याच्या हद्दीतल्या शिरवळचं. मुंबईचं परळचं तर १८८६ सालचं. एम.व्ही.एस्सी. ही त्यापुढची पदव्युत्तर पदवी. शस्त्रक्रिया, मेडिसिन, प्रसूतिशास्त्र असे विषय तिथे वेगळे होतात. पाटीवर ‘सर्जन’ लिहिलं असेल तर शस्त्रक्रियेतली एम.व्ही.एस्सी. आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही. नुसती बी.व्ही.एस्सी. असलेल्यालाही शस्त्रक्रिया करायचा हक्क आहे, पण पायाच्या हाडात प्लेट बसवायची असेल तर फरक पडतो.

नाव तपासायचं कसं

या सेवेचा सगळ्यात चांगला भाग हा, आणि फुकट. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर देशभरची नोंदवही राज्यवार ठेवलेली असते. डॉक्टरच्या लेटरहेडवर, चिठ्ठीवर किंवा लसीच्या पुस्तकातल्या शिक्क्यावर जो क्रमांक असतो तो घ्या आणि आधी क्रमांकाने शोधा, नावाने नाही. आपली आडनावं रोमन लिपीत तीन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. वाघमारेचं ‘व्ही’ने, देशमुखचं एक अक्षर गाळून, आणि लग्नानंतर बदललेलं आडनाव पाटीवर एक आणि नोंदवहीत दुसरं. क्रमांक सापडला की मग नाव जुळवा.

क्रमांक सापडलाच नाही तर लगेच ‘बोगस डॉक्टर’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. कारणं साधी असू शकतात. पुण्यात कर्नाटक, केरळ, उत्तर प्रदेशातून आलेले बरेच पशुवैद्यक आहेत. त्यांची नोंदणी त्यांच्या राज्याच्या परिषदेत असू शकते आणि देशाच्या नोंदवहीत नाव असलेल्याला भारतात कुठेही व्यवसाय करता येतो. क्रमांकाच्या आधीची अक्षरं कुठल्या राज्याची ते बघा आणि त्या राज्याच्या यादीत शोधा. दुसरं कारण, नवीन नोंदणी. राज्यांच्या नोंदवह्यांतूनच केंद्राची नोंदवही बनते, त्यामुळे ताजी नावं तिथे उशिराने दिसू शकतात. तिसरं कारण जरा गंभीर: नूतनीकरण राहून गेलेलं. नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र बघताना लोक फोटो आणि शिक्का बघतात, खालची तारीख बघत नाहीत. तीच बघायची.

एवढं करूनही शंका राहिली तर राज्य परिषदेच्या रजिस्ट्रारला लेखी विचारा. नोंदवही हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, त्यामुळे एखाद्याचं नाव त्यात आहे का, हा प्रश्न विचारण्यात खाजगीपणाचा भंग नाही. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय हा नियम आहे, तेव्हा डॉक्टरचा सगळा इतिहास न लिहिता एवढंच विचारा: अमुक क्रमांकावर अमुक नाव नोंदलेलं आहे का, आणि ती नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे.

आता यातली मोठी पळवाट. नोंदवही नावाची हमी देते, टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाची नाही. पाटीवर एकाचं नाव, सकाळी बसणारा दुसरा आणि रात्री अकरानंतर सलाईन लावणारा तिसराच, हे मोठ्या दवाखान्यांत सर्रास चालतं. त्यात बेकायदा काही असेलच असं नाही, पण तुम्ही तपासलेला क्रमांक पहिल्याचा आहे. रात्रीच्या इमर्जन्सीला फोन करतानाच विचारा, ‘डॉक्टर आत्ता तिथे हजर आहेत का, की फोनवर सांगणार?’ आणि केस पेपरवर प्रत्यक्ष तपासणाऱ्याचं नाव आणि सही घ्या. पुढे काही झालं तर त्या एका सहीला सगळ्या बिलांपेक्षा जास्त किंमत येते.

शोध आणि पडताळणी या भागाला पाचपैकी चार. एक गुण कापला कारण नाव आहे की नाही याच्यापुढे सामान्य माणसाला फारसं काही कळत नाही. नोंदवहीत नाव आहे म्हणजे त्या डॉक्टरबद्दल तक्रार नाही, असा अर्थ काढू नये.

गावाकडची बाजू

शिरूर, दौंड, इंदापूर, बारामती, आंबेगाव इकडे प्रश्न वेगळा आहे. तिथे गोठ्यात येणारा ‘डॉक्टर’ बऱ्याचदा पदविकाधारक असतो, पशुधन पर्यवेक्षक किंवा त्या धर्तीचा अभ्यासक्रम केलेला. कायद्याने त्याला पूर्ण बंदी नाही. कलम ३० मध्येच राज्य सरकारला मुभा आहे की अशा लोकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार किरकोळ स्वरूपाच्या पशुवैद्यकीय सेवा देता याव्यात. महाराष्ट्राने २००९ साली अधिसूचना काढून त्या सेवा ठरवून दिल्या. ‘देखरेखीखाली’ हे शब्द कागदावर ठळक आहेत, गोठ्यात मात्र देखरेख करणारा दिसत नाही. पशुवैद्यकांच्या आणि पदविकाधारकांच्या संघटनांचे मोर्चे, निवेदनं, संप या एका शब्दाभोवती वर्षानुवर्षं चालू आहेत.

शेतकऱ्याच्या बाजूने बघायचं तर एवढं लक्षात ठेवावं: मलमपट्टी, प्रथमोपचार, कृत्रिम रेतन यासाठी पदविकाधारक आला तर गैर काही नाही. पण अडलेलं वासरू, पोटफुगीत पोट उघडणं, सिझेरियन आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विम्याचं मृत्यू प्रमाणपत्र, इथे नोंदणीकृत पशुवैद्यकच लागतो. विम्याचा दावा फेटाळला जाण्याचं एक नेहमीचं कारण हेच, की शवविच्छेदन अहवालावरची सही चालण्याजोगी नसते. दुसरं कारण कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक अहवालात चुकीचा उतरलेला असतो. बारा आकडे आहेत, सही घेण्याआधी एकेक आकडा मोठ्याने वाचून घ्या. जनावर गेल्यावर बिल्ला कानासकट जपून ठेवा, तसाच काढून खिशात टाकू नका.

सरकारी सेवेचा फोन १९६२. त्यावर फिरतं पथक मागवता येतं, पण ते मुख्यतः पशुधनासाठी आहे.

लसीच्या पुस्तकाचं एक पान

शहरात देखरेखीचा सगळ्यात जवळचा कागद म्हणजे लसीचं पुस्तक. त्याचं एक पान नीट बघू. एका ओळीत तारीख, लसीच्या कुपीवरून सोलून चिकटवलेलं स्टिकर, पुढच्या डोसची तारीख, सही आणि शिक्का. स्टिकरवर कंपनीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत संपायची तारीख असायलाच हवी. शिक्क्यात डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक. शिक्का ‘अमुक पेट्स ॲण्ड ॲक्वेरियम’चा असेल तर ती ओळख दुकानाची झाली, डॉक्टरची नव्हे.

पिल्लू विकत घेताना या पानावरच्या तारखा वाचा. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे रोगांवरच्या एकत्रित लसीचा पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीज तीन महिन्यांनंतर. पाच आठवड्यांच्या पिल्लाच्या पुस्तकात तीन स्टिकरं आणि तिन्हीवर एकाच पेनची, एकाच दिवशी सुकलेली शाई दिसली तर ते पुस्तक बाजूला ठेवा आणि सुरुवातीपासून लसीकरण करा, असंच कुठलाही पशुवैद्यक सांगेल. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती फार लवकर दिलेल्या लसीला दाबून टाकते, म्हणून आठवडे महत्त्वाचे. शिवाय लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. ब्रीडरच्या घरच्या फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलेल्या लसीचं काय होत असेल ते त्या पिल्लालाच माहीत.

ग्रूमिंग पार्लरचाही विषय इथेच. नखं कापताना कुत्रं फार धिंगाणा घालतं म्हणून ‘थोडं शांत व्हायचं औषध देऊ का?’ असं विचारणारे पार्लर आहेत. झोपेचं इंजेक्शन किंवा गोळी देणं हे पशुवैद्यकाचं काम आहे. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना त्यात श्वासाचा धोका जास्त. तिथे नोंदणीकृत डॉक्टर हजर नसेल तर नाही म्हणा.

महापालिकेचा कुत्र्याचा परवाना ही याहून वेगळी गोष्ट आहे, तो जनावराचा परवाना आहे. पुण्यात २०२२ मध्ये मांजरांनाही तो लागू करण्याचं ठरलं. त्याला रेबीज लसीची नोंद लागते आणि ती नोंद वर सांगितली तशी पक्की असेल तर अर्ज अडत नाही.

चिठ्ठी आणि मेडिकल

औषध नियमांत ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ या व्याख्येत पशुवैद्यकही बसतो. हे सांगायचं कारण, माणसांच्या मेडिकलमध्ये कुत्र्याची चिठ्ठी दाखवली की काउंटरवरचा मुलगा ‘जनावरांचं आम्ही देत नाही’ म्हणून हात वर करतो. फिटच्या, हृदयाच्या, मधुमेहाच्या कितीतरी गोळ्या माणसांच्याच वापरल्या जातात, आणि पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर त्या देता येतात. मात्र चिठ्ठी नियमात बसणारी हवी: डॉक्टरची सही आणि तारीख, मालकाचं नाव आणि पत्ता, औषधाचं एकूण प्रमाण आणि डोस. पुण्यातल्या चिठ्ठ्यांवर ‘ब्रूनो, लॅब्राडोर, ४ वर्षं’ एवढंच असतं. ब्रूनोला पत्ता नसतो, मालकाला असतो. डॉक्टरला तिथल्या तिथे लिहायला सांगा, म्हणजे परत हेलपाटा नाही.

सेफपोडॉक्सिम हे अँटिबायोटिक, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक अशी औषधं औषध नियमांतल्या एच-१ या यादीत (अनुसूचीत) आहेत. त्यांची विक्री दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. केटामाइन हे भुलीचं औषध तर त्याहून कडक अशा एक्स अनुसूचीत. म्हणून दुकानदार जास्त प्रश्न विचारत असेल तर तो त्याचं काम करतोय, वैतागू नका. उलट चिठ्ठी न बघता अँटिबायोटिकची पट्टी काढून देणारा मेडिकलवाला काळजीचा.

गाई-म्हशींच्या चिठ्ठीत एक गोष्ट हमखास बघा. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. कारण गिधाडं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध असताना आजही कुणी जुन्या सवयीने ही औषधं लिहीत असेल, तर त्याची नोंदणी ताजी असली तरी ज्ञान ताजं नाही.

जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र आणि ‘माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ अशा अर्थाची सूचना असते. त्याखाली दुधाचा आणि मांसाचा प्रतीक्षा काळ दिलेला असतो. तो दिलेला नसेल तर नियमाने किमान ७ दिवस दूध आणि अंडी, आणि २८ दिवस मांस बाजारात पाठवायचं नाही. डेअरीवर दूध परत आलं की सगळे डॉक्टरला दोष देतात. डॉक्टरने चिठ्ठीवर हा काळ लिहिला होता का, हे मात्र कुणी बघत नाही. लिहून मागा.

जागेला परवाना कुठे आहे?

व्यवस्थेची खरी कमजोरी इथे आहे, आणि ती कर्मचाऱ्यांच्या आळसाची नाही, कायद्याच्या रचनेची आहे. १९८४ चा कायदा माणसाची नोंद करतो. दवाखान्यात ऑक्सिजन आहे का, उपकरणं वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालतो का, भूल देताना मॉनिटर लावतात का, ॲडमिट केलेल्या जनावराजवळ रात्री कोण असतं, यातलं काहीच नोंदणीत येत नाही. माणसांच्या नर्सिंग होमला जशी नोंदणी असते तशी जनावरांच्या दवाखान्याला नाही. काउंटरमागे लावलेला ‘सरकारी परवाना’ निरखून बघितला तर बहुतेकदा शॉप ॲक्टची पावती निघते. छोट्या आस्थापनेने कामगार खात्याला माहिती कळवली की ती मिळते. किराणा दुकानालाही तीच.

तरीही जागेबद्दल काही अंदाज बांधता येतो, कारण दोन वेगळे नियम दवाखान्याच्या आत पोचतात. पहिला, जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६. ते पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू आहेत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ड्रेसिंग टेबलाखाली पिवळी आणि लाल पिशवी, आणि सुयांसाठी पांढरा, भोक न पडणारा डबा दिसतो का ते बघा. वापरलेली सुई परत टोपण लावून साध्या कचऱ्याच्या डब्यात जात असेल, तर निर्जंतुकीकरणाबद्दल वेगळं विचारायची गरज नाही. दुसरा, एक्स-रे. यंत्रावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. कुत्र्याला धरायला मालकालाच आत बोलावत असतील तर शिशाचा ॲप्रन देतात का? न मागता देणारे दवाखाने पुण्यात आहेत. ॲप्रन खुंटीवर धूळ खात पडलेला आणि मालक टी-शर्टवर उभा, असेही आहेत.

या भागाला पाचपैकी दीड, तोही शेजारच्या नियमांच्या कृपेने.

प्रवासाचे दाखले

सही कुणाची चालते हा प्रश्न विमानतळावर सगळ्यात महाग पडतो. देशांतर्गत विमान किंवा रेल्वेसाठी नोंदणीकृत पशुवैद्यकाचं प्रकृती ठीक असल्याचं प्रमाणपत्र आणि रेबीजची नोंद पुरते. दाखला प्रवासाच्या अगदी तोंडावर, एक-दोन दिवस आधी घ्यायचा, आठवडाभर आधीचा चालत नाही. त्यावर नोंदणी क्रमांक नसेल तर काउंटरवर वाद ठरलेला.

परदेशाचं प्रकरण वेगळं. तिथे तुमच्या डॉक्टरची सही ही पहिली पायरी, शेवटचा दाखला केंद्र सरकारच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) आणि प्रमाणन सेवेचा. पुणेकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते. युरोपात न्यायचं असेल तर क्रम असा: आधी कातडीखाली बसवायची १५ अंकी ओळखीची मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी, आणि निकाल ०.५ किंवा जास्त आला तर रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणं. आयटीतली बदली ठरते सहा आठवड्यांत आणि कुत्र्याचे कागद मागतात चार-पाच महिने. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लस आधी आणि चिप नंतर. अशी लस धरली जात नाही, सगळं परत सुरू करावं लागतं. दुसरी चूक, लसीच्या ओळीत चिपचा क्रमांकच लिहिलेला नसतो. बदलीची नुसती कुणकुण लागली तरी चिप बसवून घ्या, तिचा जनावराला काही त्रास नाही.

तक्रार

तक्रार करायची वेळ आली तर आधी ठरवा, तुम्हाला काय हवंय. डॉक्टरवर व्यावसायिक कारवाई हवी असेल तर राज्य पशुवैद्यक परिषद. ती चौकशी करून, त्याची बाजू ऐकून, नोंदवहीतून नाव काढण्यापर्यंत जाऊ शकते, पण तुम्हाला एक रुपयाची भरपाई देऊ शकत नाही. पैसे हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. समोरचा नोंदणीकृतच नसेल तर तो गुन्हा आहे, पोलिसांकडे जा आणि परिषदेला कळवा. मेडिकलबद्दल असेल तर अन्न व औषध प्रशासन. पेट शॉप किंवा ब्रीडरबद्दल असेल तर राज्य प्राणी कल्याण मंडळ. आणि ‘बिल जास्त लावलं’ ही तक्रार परिषदेकडे पाठवण्यात अर्थ नाही, फी किती घ्यायची हे ती ठरवत नाही. शस्त्रक्रियेआधी लेखी अंदाजपत्रक मागणं एवढाच त्यावर इलाज.

परिषदेकडचा अर्ज दोन पानांत बसवा. तारीख, वेळ, कोणी तपासलं, काय सांगितलं, कुठलं औषध किती दिलं, त्यानंतर काय झालं, याच क्रमाने. सोबत केस पेपर, रक्ताचे अहवाल, चिठ्ठ्या, पावत्या, भूल देण्याआधी सही केलेलं संमतीपत्र. बऱ्याच तक्रारी ढेपाळतात त्या संतापाने भरलेल्या आणि कागदांनी रिकाम्या असतात म्हणून. ‘निष्काळजीपणा केला’ एवढ्याने भागत नाही. काय करायला हवं होतं आणि काय केलं नाही, हे सांगावं लागतं. उदाहरणार्थ, गर्भाशयात पू झालेल्या कुत्रीची सोनोग्राफी न करता आठ दिवस नुसती अँटिबायोटिक दिली, हे म्हणणं तपासता येतं. ‘डॉक्टर नीट बोलले नाहीत’ हे तपासता येत नाही.

अडचण अशी की हे म्हणणं ठामपणे मांडायला दुसरा नोंदणीकृत पशुवैद्यक लागतो, तज्ज्ञ म्हणून त्याचंच मत ग्राह्य धरलं जातं. पुण्यातलं हे वर्तुळ लहान, सगळे एकमेकांचे सीनियर-ज्युनियर, त्यामुळे लेखी मत द्यायला सहज कुणी तयार होत नाही. परिषदेतही काही सदस्य पशुवैद्यकांनीच निवडून दिलेले असतात. म्हणून मतापेक्षा कागद आणि शवविच्छेदन यांवर भिस्त ठेवा.

जनावर दगावलं आणि शंका असेल तर शवविच्छेदन उपचार करणाऱ्या दवाखान्यात नको, दुसरीकडे करा. तोवर शव थंड ठेवा, पण गोठवू नका. डीप फ्रीझमध्ये पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. पुण्याच्या मे महिन्यात तर काही तासांतच कुजायला सुरुवात होते, त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणायला सवड नसते. अवयवांचे तुकडे तपासायला पाठवताना फॉर्मॅलिन (अवयव कुजू न देणारं द्रव) तुकड्याच्या दहापट लागतं आणि तुकडे पातळ कापलेले असावे लागतात, नाहीतर आतला भाग कुजूनच पोचतो. अहवाल लेखी, सही-शिक्क्यासह आणि नोंदणी क्रमांकासह घ्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका, द्यायचेच झाले तर पोच घेऊन साक्षांकित प्रत द्या.